गावाचं पाणी लागू नये म्हणून

भाच्याने बागेतल्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर बुडवलं आणि मला दाखवलं : ६२०. मग गॅरेजच्या भिंतीवरच्या नळकांड्यांमधून येणारी बारीक धार दुसऱ्या पेल्यात धरली : १४.

"मामा, या दोन आकड्यांच्या मध्ये जे आहे ना, ते म्हणजे ॲरिझोना," तो म्हणाला. "ते मला बिअरमध्ये नकोय."

भाचा फिनिक्सच्या एका उपनगरात राहतो. तिथल्या नळाला कोलोरॅडो आणि सॉल्ट नद्यांचं पाणी येतं. वाळवंटातून, खडकांवरून येताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही पोटात घेऊन येतं. प्यायला हरकत नाही, पण जड. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिअर हीसुद्धा शेवटी धान्य शिजवून केलेलीच वस्तू, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पाण्याचा स्वभाव तिला चिकटल्याशिवाय कसा राहील?

आपण माणसाबद्दल म्हणतो, याला मुंबईचं पाणी लागलं. बिअरच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. बोहेमियातल्या पिल्सेन गावचं पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखं मऊ. तिथे १८४२ मध्ये सोनेरी, नितळ पिल्सनर जन्माला आली. डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं. त्याची अल्कता काळपट भाजलेल्या धान्याच्या आंबटपणाने तोलली जाते, म्हणून तिथे काळी स्टाउट रुजली. इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींना जिप्समच्या थरांमधून पाणी येतं. त्या पाण्यात हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा उमटतो. १८२० च्या दशकापासून बर्टनची फिकट, कडू एल जहाजांतून कलकत्त्याला आणि मुंबईला येऊ लागली, आणि पुढे 'इंडिया पेल एल' म्हणून जगभर ओळखली गेली. मुंबईत उतरणाऱ्या त्या पिंपांमध्ये बर्टनची विहीरही थोडी उतरत होती.

इतर गावच्या बिअरवाल्यांनी बर्टनची नक्कल करायला आपल्या पाण्यात जिप्सम टाकून पाहिलं, आणि ते जमलंही. एकोणिसाव्या शतकात या युक्तीला 'बर्टनायझेशन' असं नावच पडलं. पाण्यात काही घालणं माणसाला कधीच अवघड नव्हतं. अडलं ते काढण्यापाशी. उकळून थोडं बायकार्बोनेट खाली बसवता येई, चुन्याची निवळी घालता येई, पण तेवढंच. पिल्सेनच्या माणसाला बर्टन होता येत होतं, बर्टनच्या माणसाला पिल्सेन होता येत नव्हतं. भाच्याच्या गॅरेजमधल्या भिंतीवर ही जुनी अडचण सुटलेली होती.

यंत्राचं तत्त्व स्वयंपाकघरातलंच आहे. मनुका पाण्यात टाकली की फुगते, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. पातळ पडद्याच्या दोन बाजूंना कमी-जास्त दाट द्रव असले की पाणी दाट बाजूकडे धावतं. १७४८ मध्ये फ्रान्सच्या आबे नोले यांनी मद्यार्काने भरलेलं भांडं डुकराच्या मूत्राशयाच्या त्वचेने बांधून पाण्यात ठेवलं. पाणी आत शिरलं आणि पडदा टम्म फुगला. म्हणजे या शोधाच्या पहिल्या पानावरही दारू आहेच! दाट बाजूवर जोर लावून पाण्याला उलट्या दिशेने ढकलायचं, हे 'रिव्हर्स ऑस्मोसिस'. अडचण होती ती असा जोर सोसून भरपूर पाणी सोडणाऱ्या पडद्याची. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास सिडनी लोब आणि भारतातून तिथे गेलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी सेल्युलोज ॲसिटेटचा तसा पडदा घडवला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा या लहान गावात त्यावर चालणारं पाणी शुद्ध करण्याचं केंद्र सुरू झालं. सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा अतिशय पातळ लेप दिलेला पडदा केला. आज पुण्यातल्या ओट्यावर आणि फिनिक्सच्या गॅरेजमध्ये असतो तो त्याच कुळातला.

समुद्राचं पाणी गोडं करायला सुमारे २७ बारहून जास्त दाब लागतो. भाच्याच्या नळाला मात्र तेवढं मीठ नाही. सहाशे टीडीएसच्या पाण्याचा उलट जोर जेमतेम सहा पीएसआय. नळाला पन्नास-साठ पीएसआय दाब असतोच, तेव्हा पंपाशिवायही काम भागतं.

आता जोडणी. आपल्याकडच्या आरओत सगळं प्लास्टिकच्या झाकणाआड असतं. इथे ते फळीवर उघडं मांडलेलं आहे. बागेच्या नळाला एक जोड, त्यातून पाव इंची नळी. पाणी थंडच घ्यायचं. मेम्ब्रेनला, म्हणजे त्या पडद्याला, ४५ अंश सेल्सियसच्या वर सोसत नाही, आणि फिनिक्सच्या उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. म्हणून भाचा उन्हाळ्यात आधी पाइप वाहू देतो. नंतरचं पहिलं नळकांडं गाळाचं, पाच मायक्रॉनचं, ज्याला आपले आरओवाले 'कँडल' म्हणतात. त्यापुढे कार्बनची दोन.

कार्बन दोनदा का? पालिकेच्या पाण्यात क्लोरीन किंवा त्याचा चिवट भाऊ क्लोरॅमाइन असतो. पॉलिअमाइडला क्लोरीन म्हणजे विष. तो पडदा हळूहळू कुरतडतो. शिवाय क्लोरीन बिअरमध्ये शिरला तर धान्यातल्या फिनॉलशी जुळून असा वास तयार करतो की घोट घेताना दवाखान्यात मलमपट्टी करून घेतल्यासारखं वाटावं. क्लोरॅमाइनला मोडायला कार्बनचा सहवास जास्त वेळ लागतो, म्हणून दुसरं नळकांडं.

मग येतं मेम्ब्रेन. ते उघडून पाहिलं तर सुरळीची वडी आठवते. पडद्याचे थर आणि मधे बारीक जाळी, सगळं छिद्रं असलेल्या एका नळीभोवती घट्ट गुंडाळलेलं. पाणी थरांमधून सरकत जातं. जे पडद्यापार होतं ते मधल्या नळीतून बाहेर येतं, उरलेलं क्षार धुऊन घेऊन दुसऱ्या तोंडाने जातं. त्या दुसऱ्या तोंडाला एक चिमुकला अडथळा असतो, 'फ्लो रिस्ट्रिक्टर', आपल्या मेकॅनिकच्या भाषेत 'एफआर'. या सगळ्या मांडणीत सगळ्यात स्वस्त वस्तू ती, आणि ती नसेल तर काहीच होत नाही. दाब धरत नाही, सगळं पाणी मोरीत. मेम्ब्रेनच्या क्षमतेला जुळणाराच एफआर लागतो.

भाच्याचं मेम्ब्रेन दिवसाला ७५ गॅलनचं, म्हणजे २८४ लिटर, तासाला सुमारे बारा. पण हा आकडा २५ अंशांच्या पाण्याचा. पाणी गार झालं की अंशागणिक साधारण तीन टक्के धार कमी होते. त्याच्या एका घाण्याला ३० लिटर लागतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीच यंत्र सुरू करून झोपायचं. रात्री पिंप भरून गॅरेजमध्ये तळं होऊ नये म्हणून पिंपात फ्लोट वॉल्व्ह आहे, गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच. तो बंद झाला की मागे दाब वाढतो आणि एक स्वयंचलित वॉल्व्ह नळाकडचं पाणी तोडतो. पिण्याच्या आरओत जी दाबाची टाकी असते ती इथे नाही. ती भरत जाते तसा मेम्ब्रेनवर उलट दाब वाढतो आणि पाण्याचा कस घटतो. चव आणायला खनिजं परत मिसळणारं शेवटचं नळकांडंही त्याने घेतलं नाही. "ते किती घालेल कुणास ठाऊक. घालायचं ते मी मोजून घालणार."

पहिल्या दिवशी आधी फक्त कार्बन धुऊन काढायचे, त्यांची काळी भुकटी मेम्ब्रेनवर जाऊ नये म्हणून. मग मेम्ब्रेन बसवून पहिलं पाणी टाकून द्यायचं, कारण मेम्ब्रेन टिकवण्याच्या रसायनात बुडवून आलेलं असतं. पुढेही दर वेळी सुरुवातीची काही मिनिटं पाणी पिंपाबाहेर सोडायचं. यंत्र थांबलेलं असताना क्षार हळूच पडद्यापार झिरपतात. आणि एकदा भिजलेलं मेम्ब्रेन पुन्हा सुकू द्यायचं नाही.

घरी बिअर करण्याचा हा छंद अमेरिकेत उघडपणे करता येतो त्यालाही इतिहास आहे. १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली, घरची बिअर राहून गेली. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःपुरती, करमुक्त बनवता येऊ लागली. त्याच १९७८ मध्ये चार्ली पपाझियन या शाळामास्तराने कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये घरगुती बिअरवाल्यांची संघटना उभी केली. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची राज्यं २०१३ मध्ये वळली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही. त्यामुळे पुण्यातल्या घराघरांत हे यंत्र असलं तरी त्याचा हा उपयोग गॅरेजमधल्या अमेरिकेलाच साजतो.

सकाळी पिंप भरलेलं होतं. भाच्याने सोनाराच्या काट्यासारखा लहान तराजू काढला. पेल एलसाठी ३० लिटरला जिप्सम ८ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम. हिशेब साधा होता. लिटरमागे कॅल्शियम सुमारे ९० मिलिग्रॅम, सल्फेट १५०, क्लोराइड ४८. सल्फेट हॉप्सला धार देतं, क्लोराइड माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, गोलाई देतं, आणि दोघांच्या प्रमाणावर बिअर कुठे झुकणार ते ठरतं. कॅल्शियमचं काम वेगळंच. ते माल्टमधल्या फॉस्फेटशी संगनमत करून मॅशचा, म्हणजे भिजवलेल्या माल्टचा, सामू खाली आणतं. माल्टमधल्या स्टार्चची साखर करणारी विकरं ५.२ ते ५.६ सामूत खुशीत असतात. बायकार्बोनेट नेमकं उलट ओढतं. नळाच्या पाण्यात फिकट माल्ट भिजवलं की सामू वरच अडकतो आणि धान्याच्या फोलातला तुरटपणा उतरतो. चिमूटभर पांढरी पूड पिंपात विरघळली आणि गॅरेजमध्ये बर्टनची विहीर आली. पुढच्या महिन्यात हीच चिमूट दोन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडवर आणली की पिल्सेन.

या मोकळेपणाची किंमत मोरीत जाते. एका लिटरमागे तीन लिटर वेस्ट, म्हणजे ३० साठी ९०. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीवर अधिकृत पाणीटंचाई पहिल्यांदा जाहीर झाली आणि ॲरिझोनाच्या वाट्याला कपात आली. त्याच नदीचं पाणी आपण बिअरसाठी सांडतो, हे भाच्याला डाचतं. वेस्टचं तोंड त्याने दुसऱ्या पिंपात सोडलंय. तिथे मीटर ८२० च्या आसपास दाखवतं. म्हणजे ते घाण पाणी नव्हे, फक्त थोडं जास्त ॲरिझोना. त्या पाण्याने तो पातेली धुतो, फरशी पुसतो, उकळलेला रस निववणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्यातून ते फिरवतो. अंगणातल्या लिंबाला का नाही घालत, मी विचारलं. "नको मामा. माती आधीच खारावलीय."

निघायच्या आदल्या दिवशी त्याने स्टाउट घातली. त्या वेळी मला फळीवर एक गोष्ट दिसली जी आधी निसटली होती. कार्बन आणि मेम्ब्रेन यांच्या मधे नळीला एक फाटा, त्याला छोटी तोटी. तिथून निघणारं पाणी क्लोरीनमुक्त असतं, पण क्षार सगळे शाबूत. भाजलेलं काळं धान्य मॅश आंबट करतं, त्याला अल्कता हवीच असते. कोऱ्या पाण्यात खाण्याचा सोडा घालूनही काम झालं असतं. पण भाच्याने पातेल्यात पंधरा लिटर कोरं पाणी ओतलं आणि उरलेल्या पंधरासाठी ती तोटी उघडली.

मी मीटर बुडवलं. ३१७. ॲरिझोना अर्धं आत आलं होतं, बोलावल्यावर.