बिरसीचा विमानतळ

भंडारा जिल्हा म्हटला कीं तलाव, धानाचीं शेतें आणि पितळेचीं भांडीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. या जिल्ह्याच्या जुन्या हद्दींत वैमानिक घडविण्याचें काम चालतें, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. गोंदिया शहरापासून सुमारें १२ किलोमीटरांवर, बिरसी गांवाजवळ, हा विमानतळ आहे. ता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. तत्पूर्वीं हें गांव भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे.

आपल्या देशांत विमानविद्येचा पाया हौशी मंडळींच्या क्लबांनीं घातला. १९२८ सालीं मुंबईस फ्लाइंग क्लब निघाला आणि जुहूचें मैदान त्याचें माहेरघर झालें. जे. आर. डी. टाटा यांनीं ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचा परवाना मिळविला, तो तेथेंच शिकून. बिरसीचा जन्म मात्र हौसेपोटीं नव्हे, युद्धापोटीं झाला. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४० सालीं ब्रिटिश सरकारनें येथें धावपट्टी बांधली. पुढें १९९८ सालीं ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ सालीं भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल त्या वेळीं नागरी विमानवाहतूक खात्याचे मंत्री होते. प्राधिकरण व कॅनडांतील सी. ए. ई. कंपनी यांनीं मिळून येथें राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था काढली. उत्तर प्रदेशांतील फुरसतगंज येथें हिंवाळ्यांत धुकें दाटतें व उड्डाणें अडतात. म्हणून तेथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीनेंही बिरसीचा आश्रय घेतला.

शिकाऊ वैमानिकास अशीच जागा कां लागते? व्यापारी परवान्यासाठीं त्याला निदान २०० तास उड्डाण करावें लागतें. त्यांतील बराच काळ एकच पाठ गिरविण्यांत जातो : धावपट्टीवरून उठावें, वळून तिला समांतर जावें, पुन्हां वळून खालीं यावें व उतरावें. उठणें आणि उतरणें हीं दोन्ही शक्यतों वाऱ्याकडे तोंड करून करावयाचीं. कारण पंखांना आधार मिळतो तो त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेचा. समोरून ताशीं २० किलोमीटर वारा असला, तर जमिनीवरील धांव तितक्या वेगानें कमी पुरते. यासाठींच धावपट्टीच्या टोकांना होकायंत्रावरील अंशांचे आकडे देतात. एका टोकास ०४, म्हणजे सुमारें ४० अंश, असेल तर दुसऱ्या टोकास २२ असावयाचा. मोठ्या शहरांतील विमानतळांवर प्रवासी विमानांच्या रांगेंत असे फेरे घालण्यास सवड कोठली? बिरसीस सपाट मुलुख आहे, आकाश मोकळें आहे, आणि पावसाळा सरल्यावर कित्येक महिने हवा स्वच्छ असते.

परंतु मोकळें आकाश म्हणजे निर्धोक आकाश नव्हे. तलाव व धानाचे बांध यांमुळें पक्ष्यांचा वावर मोठा; सारस क्रौंचाचें तर हें महाराष्ट्रांतील मुख्य वसतिस्थान. ता. २६ एप्रिल २०१७ रोजीं वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेस अडकून एक शिकाऊ विमान कोसळलें. शिक्षक व शिष्या दोघेंही प्राणांस मुकलीं. ता. १८ मार्च २०२३ रोजीं बिरसीहून निघालेलें दुसरें विमान बालाघाटच्या डोंगराळ रानांत पडून आणखी दोघांचा अंत झाला. नदीवरची तार जमिनीवरून सहज दिसते. वरून वेगानें येणाऱ्यास ती पाण्याच्या पार्श्वभूमीवर जवळजवळ अदृश्य असते. म्हणूनच ठराविक उंचीच्या खालीं न जाणें हा नियम केवळ कागदी नाहीं. तो पाळण्यावर दोन जीव अवलंबून असतात.

ता. १३ मार्च २०२२ रोजीं येथून इंदूर व हैदराबादकडे प्रवासी विमान सुरू झालें. ती सेवा कांहीं महिन्यांतच थांबली. पुढें ता. १ डिसेंबर २०२३ रोजीं दुसऱ्या कंपनीनें हैदराबाद व तिरुपतीकडे उड्डाणें आरंभिलीं. प्रवासी वाढले तर गांवाचा लाभ आहे. परंतु तितकी शिकणाऱ्यांची सवड कमी होईल, हेंही ध्यानांत घ्यावयास हवें.

या सर्वांच्या मुळाशीं जमीन आहे. धावपट्टी लांबविण्यासाठीं बिरसी व आसपासच्या शेतकऱ्यांची शेतें गेलीं, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा व नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. धानाची बांधी एकदां डांबराखालीं गेली कीं ती परत मिळत नाहीं. ज्यांच्या भूमीवरून परप्रांतींचीं मुलें आकाशांत झेप घेतात, त्यांच्या मुलांनाही त्या कुंपणाच्या आंत सन्मानानें प्रवेश मिळावा, इतकी अपेक्षा कांहीं मोठी नव्हे. विमानतळाची थोरवी किती विमानें उठलीं यावर मोजतात. ती किती माणसें उभीं राहिलीं यावरही मोजली गेली पाहिजे.