अंक आणि अंतःकरण

गेल्या साठ वर्षांत शिक्षणक्षेत्राने चित्रपुस्तकाकडे ज्या दोन अपेक्षांनी पाहिले, त्यांपैकी एक म्हणजे बालकाला संख्येची ओळख व्हावी आणि दुसरी म्हणजे त्याला स्वतःच्या मनाची ओळख व्हावी. परंतु या काळाचे दप्तर उलगडून पाहिले असता असे आढळते की, या दोन्ही अपेक्षा ज्या पुस्तकांनी उत्तम रीतीने पुऱ्या केल्या, ती बहुतांशी कोणाच्या फर्मानावरून लिहिलेली नव्हतीच.

या मागोव्याचा आरंभ 1963 पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत मॉरिस सेंडॅक यांचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' प्रसिद्ध झाले. दांडगाई केल्याबद्दल जेवणावाचून खोलीत धाडलेला मॅक्स राक्षसांच्या देशी जातो, त्यांचा राजा होतो आणि मायेच्या ओढीने परततो, तो खोलीत ऊन ऊन जेवण मांडलेले असते, एवढीच कथा. परंतु मुलाचा आवेग जसजसा वाढतो तसतशी चित्रे पानावर पसरत जातात, अखेरीस शब्दांना हुसकावून लावतात, आणि आवेग ओसरला म्हणजे शब्द पुन्हा आपल्या जागी रुजू होतात. क्रोधाला परमावधी असते तसा शेवटही असतो, हे चार वर्षांच्या बालकाला व्याख्यानाने पटवून देणे अशक्य. येथे ते पानांच्या मांडणीनेच पटते. पुस्तकाला 1964 चे कॅल्डिकॉट पदक मिळाले, तरी उपाशी निजवण्याची शिक्षा मुलांना भयप्रद वाटेल, असा आक्षेप ब्रूनो बेटलहाइम या मानसतज्ज्ञांनी 1969 मध्ये घेतला; मुलांनी मात्र तो निकाल कबूल केला नाही.

संख्येच्या बाजूनेही याच सुमारास मोठी भर पडली. पॅट हचिन्स यांच्या 'रोझीज वॉक' (1968) या पुस्तकातील कोंबडी अवघ्या 32 शब्दांत तळ्याभोवतून, गवताच्या गंजीवरून, कुंपणातून आणि मधमाश्यांच्या पेट्यांखालून फिरून घरी येते, आणि तिच्या मागावर असलेल्या कोल्ह्याचा शब्दांत उल्लेखही येत नाही. वर, खाली, भोवती आणि आरपार ही भूमितीची मुळाक्षरे गिरवीत असतानाच, आपल्याला जे दिसते ते दुसऱ्याला ठाऊक नसते, हा माणसांच्या जगात वावरण्यासाठी अत्यावश्यक असा बोधही बालकाला होतो. पुढल्याच वर्षी आलेल्या एरिक कार्ल यांच्या भुकेल्या सुरवंटाने सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती असा क्रम धरून शुक्रवारी पाच संत्री पोखरली. भोके पाडलेली ही कमीअधिक रुंदीची पाने छापणे अमेरिकेत परवडेना, म्हणून काम जपानकडे सोपवावे लागले; तो खटाटोप अनाठायी नव्हता, कारण प्रत्येक फळाच्या भोकात बोट घालीत गेले असता एका वस्तूला एकच अंक, हा मोजणीचा मूळ नियम हाताच्याच अंगवळणी पडतो.

जपानातच, प्राथमिक शाळेत काही वर्षे शिक्षकी केलेल्या मित्सुमासा आनो यांनी 1975 मध्ये मोजणीचे एक शब्दविरहित पुस्तक केले. त्याचा आरंभ एकापासून न होता शून्यापासून होतो: बर्फाने झाकलेला मोकळा प्रदेश आणि त्यातून वाहणारी नदी. पुढे दर पानावर घरे, झाडे, माणसे व जनावरे एकेकाने वाढत जातात, ऋतू पालटतात, आणि बारापर्यंत पोहोचताना एक गाव वसलेले असते. संख्या ही वस्तूंना चिकटवलेली चिठ्ठी नसून जगाच्या वाढीची रीत आहे, हे इतक्या सौम्यपणे फार थोड्यांनी दाखवले असेल.

1986 मध्ये हचिन्स यांनी 'द डोअरबेल रँग' लिहिले. आईने भाजलेली 12 बिस्किटे दोघा भावंडांच्या वाट्याला सहा-सहा येतात. घंटा वाजते, पाहुणी मुले येतात, वाटा तीनवर, मग दोनवर आणि अखेर एकावर येतो. आणि तेवढ्यात घंटा पुन्हा वाजते. भागाकाराचा हा उत्कृष्ट पाठ आहे, परंतु त्यातील प्रत्येक भागाकार हा मनावरचा एक ताणही आहे: पाहुण्याचे स्वागत करावे की आपला वाटा राखावा? येथे हिशेब आणि हृदय यांची खाती निराळी काढता येत नाहीत.

पुढल्या दशकात नेमकी तीच खाती निराळी झाली. अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने 1989 मध्ये अभ्यासक्रमाची मानके मुक्रर केली, आणि गणित ही बोलण्याची व समजावून सांगण्याची गोष्ट आहे, असा त्यांत आग्रह धरला; 1994 मध्ये सामाजिक व भावनिक शिक्षणाच्या प्रसारासाठी 'कॅसल' ही संस्था निघाली. दोन्ही उपक्रम स्तुत्य होते. परंतु त्यांच्या छायेत, एकेक संकल्पना वाटून घेतलेली गणिताची गोष्टीपुस्तके आणि एकेक भावना नेमून दिलेली मनाची पुस्तके मालिकांनी निघू लागली. त्यांतील काही चांगली होती. पुष्कळशी मात्र गोष्टीचा पोशाख चढवलेले परिपत्रकच होती.

या विभागणीला उत्तर मिळाले ते युरोपातून. एर्न्स्ट यांडल यांच्या कवितेवर नॉर्मन युंगे यांनी काढलेल्या एका चित्रपुस्तकात पाच मोडकी खेळणी डॉक्टरांच्या दाराशी बसली आहेत. दार उघडते, एक बाहेर येते, एक आत जाते, आणि पाचव्या खेळण्याची धाकधूक एकेका रिकाम्या खुर्चीबरोबर वाढत जाते. नेदरलँड्समधील मार्या व्हान डेन ह्यूव्हेल-पानहाउझेन आणि त्यांच्या सहकारी यांच्या 2008 मधील अभ्यासात हे पुस्तक पाच वर्षांच्या चार मुलांना, कोणताही प्रश्न न विचारता, वाचून दाखवले गेले. तरी मुलांच्या उद्गारांपैकी जवळजवळ निम्म्यांत गणित होते. भीतीनेच त्यांना मोजायला लावले होते. पुढे त्यांनी बालवर्गांत तीन महिन्यांत 24 चित्रपुस्तके वाचून घेतली, तेव्हा ती ऐकणाऱ्या मुलांची गणितातील प्रगती इतरांपेक्षा अधिक भरली. शिक्षिकांना सूचना होती ती संयमाची: स्वतःशीच नवल करावे, न उमजल्याचा आव आणावा, आणि बोलणे मुलांवर सोपवावे.

महाराष्ट्रात या विचाराला जमीन तयार होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे बालवाडी अंगणात नेऊन परिसरातल्या बिया-खड्यांनीच मोजणी शिकवली. वाण होती ती चित्रपुस्तकांची. ती उणीव बऱ्याच अंशी माधुरी पुरंदरे यांनी भरून काढली. त्यांच्या पुस्तकांतल्या यशचा हात मोडतो, तो मोठ्या शाळेत जातो, त्याला कंटाळा येतो. राधा आपल्या घरातली माणसे एकेक करून ओळखीची करून देते. त्यांत गणिताचा धडा नाही, पण घरातली माणसे मोजल्यावाचून ऐकणारे मूल राहत नाही. 2014 मध्ये साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने या कार्याची सरकारदरबारी नोंद झाली. 2004 मध्ये बंगळूरु येथे निघालेल्या प्रथम बुक्सने मराठीसह अनेक भाषांत स्वस्त चित्रपुस्तके उपलब्ध करून दिली, आणि जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर वाचन व संख्याज्ञान हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरवले.

आता शाळांसाठी पुस्तकांची खरेदी होईल, याद्या मंजूर होतील, आणि प्रत्येक पुस्तकासमोर ते कोणते कौशल्य शिकवते याचा रकाना भरला जाईल. साठ वर्षांचा दाखला असा आहे की, त्या रकान्याआधी दुसरा एक रकाना हवा: मूल हे पुस्तक पुन्हा मागते काय? पहिल्या वाचनात मूल गोष्टीच्या शेवटाकडे धावते. कोल्हा कितव्या पानावर पडला आणि पाचव्याच्या पोटात कालवाकालव का झाली, याचा तपास ते तिसऱ्या-चौथ्या वाचनात करते. जे पुस्तक दुसऱ्यांदा मागितले जात नाही, त्याच्या रकान्यात कोणतेही कौशल्य लिहिले, तरी ते कागदावरच राहते.