समुद्र दीड तासाची उडी मारत नाही

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व जिथे मोजतात, त्या वास्तूत लोखंड चालत नाही. धातूकाम पितळ-तांब्याचं आणि भिंतींचा दगड पोरबंदरहून आणलेला. कोकणात काय दगडाला तोटा होता? तोटा नव्हता, पण आपला काळा कातळ स्वतःच चुंबकीय आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थिजताना त्यातल्या लोहखनिजाच्या बारीक कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली आणि ती अजून सोडलेली नाही. तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, याचा एक पुरावा याच कणांनी दिला. शाळेच्या वाटेवरच्या गडग्यातला काळा दगडही तीच आठवण धरून बसलेला असतो.

ही मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे, 1841 पासून. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असं दिसू लागलं. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे दहावीची मुलं पाठ करतात. त्या एका वाक्यापायी अख्खं काम समुद्रापलीकडे अलिबागला न्यावं लागलं. 1904 मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. संचालक नानाभॉय मूस यांनी पुढची दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा जुळावा. या दोन वर्षांच्या धीराचं मला फार अप्रूप वाटतं.

नोंदी ठेवण्याचा असा धीर किती कामाला येतो, ते त्याआधीच्या एका घटनेत पाहा. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. कुलाब्यातली माणसं तेव्हा डोळ्यांनी वाचून, हाताने आकडे लिहीत होती. त्यांच्या वहीत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. साध्या दिवशी दुपारी हा आकडा चाळीस-पन्नासने हलला तर हलतो. जवळजवळ दीडशे वर्षांनी, 2003 मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच वह्या उघडून त्या वादळाची ताकद नव्याने मांडली. ही संस्था आज नवी पनवेलला आहे, म्हणजे अलिबागच्याच रायगड जिल्ह्यात.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, 28 फेब्रुवारीच्या सुमारास अलिबागच्या वेधशाळेत शाळांची मुलं येतात. यावं, जरूर यावं. पण रांगेने आत जाऊन, माहिती ऐकून, फोटो काढून परतलं की विज्ञान पुन्हा वर्षभर पुस्तकात जाऊन बसतं. खरी भागीदारी त्या दिवसानंतर सुरू व्हायला हवी, आणि तिला फार खर्च नाही. बरणीत दोऱ्याला टांगलेलं एक चुंबक, त्यावर चिकटवलेला आरशाचा तुकडा, आणि त्यावरून परतून चार-पाच मीटरवरच्या भिंतीवर पडणारा लेझरचा ठिपका. वारा लागू दिला नाही तर हा ठिपका दिवसभरात काही मिलिमीटर सरकताना दिसू शकतो. आपल्या डोक्यावर शंभरेक किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या उन्हाने विद्युतभारित झालेल्या हवेत वाहणारे प्रवाह त्याला हलवत असतात. अर्थात शाळेसमोर एस.टी. येऊन थांबली तरी ठिपका हलेलच. कोणती हालचाल आकाशातली आणि कोणती रस्त्यावरची? हे ठरवायला वेधशाळेचा त्या दिवसाचा आलेख मागावा लागतो. वर्गातली मुलं आणि वेधशाळेतला शास्त्रज्ञ यांना एकमेकांशी बोलायला असं काहीतरी खरं कारण लागतं.

शास्त्रज्ञ फक्त वेधशाळेतच असतात असंही नाही. कोळीवाड्यात विचारा, भरती किती वाजता? नाखवा घड्याळाकडे बघणार नाही, आधी तिथी विचारेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज उशिरा उगवतो आणि त्याच्यामागे भरतीही उशिरा येते, हे सगळं खगोलशास्त्र एका पाढ्यात बसवलेलं आहे.

आता हाच पाढा पुढे म्हणू. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, तिची पाऊणपट पाऊण तास, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटं. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. मग चूक कुठे आहे? पंधरा तिथींत भरती घड्याळाचे बारा तास सरकते. बाराला पंधराने भागलं तर प्रत्येक तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात, आणि पाऊणपटीच्या हिशेबात धरली जातात पंचेचाळीस. रोजची तीन मिनिटं साचत साचत पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची तूट पडते. तोंडी हिशेबाला सोपं म्हणून कोणा जाणत्याने चार-पंचमांशाऐवजी पाऊण धरलं असावं, असा माझा अंदाज आहे.

अलिबागच्या मुलांना हे तपासायला तिथल्याच समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासारखी दुसरी सोय नाही. ओहोटीला पायी जाता येतं, भरतीला वाट बुडते. पाणी कोणत्या दगडाला किती वाजता लागलं, हे मोठ्या माणसाला सोबत घेऊन महिनाभर किनाऱ्यावरून टिपायचं, शेजारी पाऊणपटीची वेळ लिहायची, त्याच्या शेजारी छापील वेळापत्रकातली. तीन रकाने. तिन्ही जुळणार नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे शोधताना उधाण, भांग, वाऱ्याचा जोर, किनाऱ्याचा उतार सगळं ओघाने येईल. या प्रश्नाचं उत्तर गाइडमध्ये नाही, ही त्याची सर्वांत मोठी गंमत. गुरुजींनाही ते आधी ठाऊक नसतं.

मोजण्यासारखं वाळूतही आहे. अलिबागच्या दक्षिणेकडे श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं. नंतर ते या किनाऱ्यांवरही आलं. वन विभाग आणि गावातले कासवमित्र मिळून घरटी राखतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. ती नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. सुमारे 29-30 अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त. ही वाळू किती तापते हे मोजायला थर्मामीटर आणि वही पुरते. कासवमित्राच्या परवानगीने, घरट्याला धक्का न लावता, शेजारच्या वाळूत तेवढ्याच खोलीवर रोज एक नोंद. सातवीतल्या मुलीच्या वहीत हवामानबदलाचा एक खरा आकडा यायला एवढं पुरेसं आहे.

हे शाळेच्या वेळापत्रकात बसेल का, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्रात ते बसवून दाखवलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायला मिळू लागला: जोडारीकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्न आणि आरोग्य. गावाला जे लागतं ते मुलं करून द्यायची आणि त्यातून विज्ञान शिकायची. शिकवायला गावातले हुन्नरी कारागीर घ्यायचे, पदवी नाही म्हणून कोणाला बाहेर ठेवायचं नाही, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सूचना आहे. कारागिरांच्या यादीत कोकणातल्या शाळांनी नाखवा घातलाच पाहिजे, आणि जाळं विणणारी, मासळी वाळवताना आर्द्रतेचा अचूक अंदाज घेणारी कोळीणही.

हे जुळवायला मोसमही सोयीचा आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत घरी. शाळा उघडतात त्याही जूनच्या मध्यालाच. मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात कोळीवाड्यात जाऊन बोलणं करावं, त्याच आठवड्यात वेधशाळेला पत्र घालावं आणि वर्गाच्या भिंतीवर भरतीचे तीन रकाने आखून ठेवावेत.