आधी पाहणी, मग पायाभरणी

कोकणात घर बांधायचे तर चिरा लागतो. जांभ्याच्या सड्यावर खाण लागते, कटरचे पाते कातळात आडवे-उभे फिरते आणि सुटलेले चौकोनी चिरे ट्रकमध्ये भरले जातात. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतला हा रोजचा व्यवहार आहे आणि त्यावर अनेक घरांची चूल पेटते. पण याच सड्यांवर काही हजार वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, गेंडा, मासे, पक्षी, माणसे आणि अजून उलगडा न झालेल्या चौकटी कोरून ठेवल्या आहेत. रेषा जेमतेम काही बोटे खोल. पावसाळ्यात त्यांवर गवत माजते, उन्हाळ्यात माती साचते. ठाऊक नसलेला माणूस त्यांवरून चालत निघून जातो. कटर चालवणाऱ्यालाही त्या दिसल्याच पाहिजेत असे नाही.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनी गावोगावचे सडे पायाखाली घातले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले, तेव्हा या कातळशिल्पांचा पसारा लक्षात आला. आज ही संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्यांची गर्दी आहे. बारसूच्या सड्यावर दोन बाजूंना दोन वाघांसारखे प्राणी आणि मधोमध उभा माणूस आहे. शिल्पांचे वय किती यावर अजून अभ्यास सुरू असला, तरी त्यांतली काही मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणे गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले कुडोपी आणि एक गोव्यातले फणसामळ. या सातांत बारसू आहे.

आणि त्याच वर्षी राज्य सरकारने आधी ठरलेल्या नाणारऐवजी बारसू परिसराची जागा तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी केंद्राला सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी, विशेषतः बायका, सड्यावर आडव्या झाल्या. त्यांचा विरोध मुख्यतः आंबा-काजूच्या बागा, मासेमारी आणि प्रदूषण यांवरून होता. कातळशिल्पांचा प्रश्न त्यात मागून येऊन मिळाला. रिफायनरी हवी की नको हा वेगळा वाद. इथे मुद्दा एवढाच की, सरकारचा एक हात ज्या सड्याचे नाव जगाच्या यादीत नेत होता, त्याच सड्याकडे दुसरा हात कारखान्याची जागा म्हणून बोट दाखवत होता. दोन खात्यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

आपल्याकडे वारशाच्या रक्षणाचा कायदा नाही असे मुळीच नाही. उलट तो चांगलाच कडक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम पूर्ण बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काहीही करता येत नाही. परवानगीसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

या वर्तुळाचे गणित करून पाहण्यासारखे आहे. स्मारक एका खांबाएवढे जरी असले, तरी १०० मीटरच्या वर्तुळात सुमारे पावणेआठ एकर जमीन येते आणि ३०० मीटरच्या वर्तुळात सुमारे ७० एकर. दिल्लीच्या परिसरातल्या मोगलकालीन कोस मिनाराला जे अंतर, तेच अजिंठ्याला. रानातल्या लेण्याला जे लागू, तेच भर वस्तीतल्या वाड्याला. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपासच्या पेठांत त्याचा अर्थ रोज कळतो. तिथले जुने वाडे टेकू लावून उभे आहेत, भिंतींना पोट आले आहे, मालक-भाडेकरू दोघेही पुनर्विकासाला तयार आहेत, पण १०० मीटरच्या आत नव्या इमारतीला वाट नाही. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. मात्र लाकडी वाड्याची खरी दुरुस्ती करायला लागणारा पैसा आणि कारागीर सामान्य कुटुंबाने आणायचे कुठून? अशा घरात राहणाऱ्याला शेजारच्या स्मारकाबद्दल अभिमान वाटावा अशी अपेक्षा करणे फार झाले.

पुण्यातलेच दुसरे उदाहरण आगाखान पॅलेसचे. १८९२ मध्ये बांधलेल्या या राजवाड्यात ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत महात्मा गांधी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधन इथेच झाले, त्यांच्या समाध्याही इथेच आहेत. २००३ मध्ये ते राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक झाले. पुढे मेट्रोची रेघ नगर रस्त्यावरून, पॅलेससमोरून आखली गेली आणि ती कायद्याच्या १०० मीटरमध्ये अडकली. सार्वजनिक कामांना या पट्ट्यात सवलत देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडले. वाट पाहून अखेर मेट्रोने मार्ग कल्याणीनगरमधून वळवला. मग तिकडचे रहिवासी आणि पक्षीप्रेमी उठले, कारण नवी रेघ नदीकाठच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूने जात होती. रामवाडीपर्यंतची गाडी मार्च २०२४ मध्ये धावू लागली. पॅलेस वाचला, मेट्रोही झाली. पण मार्ग आखणाऱ्याच्या टेबलावर पहिल्याच दिवशी हे १०० मीटर असते, तर मधली वर्षे आणि वाद दोन्ही वाचले असते. हे स्मारक काही जमिनीत पुरलेले नव्हते. नगर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ते दिसत होते.

एवढा कडक कायदा असूनही स्मारके जातात, हे त्याहून वाईट. २०१३ मध्ये कॅगने प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडली नाहीत. पुढच्या शोधात त्यांतली ४२ सापडली. उरलेल्या ५० पैकी १४ शहरे वाढताना गडप झाली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा पत्ताच लागला नाही, असे केंद्र सरकारने संसदेच्या समितीला सांगितले. म्हणजे कागदावरचे वर्तुळ शाबूत आणि मधले स्मारक बेपत्ता.

ही गत ज्यांचे नाव यादीत आहे त्यांची. यादीत नाव नाही त्यांच्यासाठी वर्तुळही नाही.

महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या कितीतरी गावांना जुनी पांढर आहे. शेकडो वर्षांची वस्ती एकावर एक साचून झालेले ते टेकाड. राख, शेण, पडलेल्या भिंती, खापरे यांची ती भुसभुशीत माती पिकाला चांगली, म्हणून शेतात नेली जाते. धाब्याच्या घरांच्या छतावरही हीच माती घालत आले आहेत. प्रवरेच्या काठचे दायमाबाद असेच एक टेकाड. १९७४ मध्ये तिथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा काशाच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. भारतीय पुरातत्त्वातला हा एक थोर शोध. त्यापाठोपाठ झालेल्या उत्खननाने महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा इतिहास उलगडला. भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे खणून घरे, धान्याची पेवे आणि दफने उजेडात आणली. अशी टेकाडे सातबाऱ्यावर दिसतात ती फक्त जमीन म्हणून. तिथे रस्ता जायचा असो, वीटभट्टी लागायची असो की जमीन बिगरशेती करायची असो, खाली काय आहे हे विचारणारा रकानाच अर्जात नसतो. जमिनीत काही सापडले तर कळवण्याची सक्ती करणारा निखात निधीचा कायदा आहे, पण तो १८७८ चा. त्यात दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यायची आहे. तो नाण्यांच्या हंड्यासाठी केलेला आहे. फुटक्या खापरांच्या थराला त्यात भाव नाही आणि इतिहास तर बहुतेक वेळा त्या थरातच असतो.

मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीतही हीच पळवाट आहे. कायद्याने संरक्षित केलेली सांस्कृतिक महत्त्वाची क्षेत्रे जवळ आहेत का, असे अर्जात विचारलेले असते. कोणी अजून शोधलेच नाही ते संरक्षित कुठून असणार? मग उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असे लिहिता येते.

हे कोडे इंग्लंडलाही सुटत नव्हते. १९८९ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागात कार्यालयांची इमारत उभी करताना शेक्सपिअरच्या काळातल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचा पाया सापडला. बिल्डरकडे रीतसर परवानगी होती. नट-नट्यांसह लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तिच्याखाली राखले गेले. या मनस्तापातून १९९० मध्ये सरकारने नियोजन अधिकाऱ्यांसाठी नवी मार्गदर्शक सूचना काढली. तिचे सूत्र सोपे होते: बांधकामाचा अर्ज मंजूर करण्याआधी त्या जागेची पुरातत्त्वीय पाहणी व्हावी. आधी जुने नकाशे आणि नोंदी तपासायच्या, शंका असेल तर दोन-चार चर खणून पाहायचे. महत्त्वाचे काही निघाले तर पाया हलवायचा. हलवणे शक्य नसेल तर बिल्डरच्या खर्चाने नीट उत्खनन आणि नोंद करून मग काम सुरू. लंडनखालच्या क्रॉसरेल मार्गाचे काम याच शिस्तीत झाले. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाजवळच्या जुन्या दफनभूमीतून तीन हजारांहून अधिक सांगाडे शास्त्रीय रीतीने काढले गेले, १६६५ च्या प्लेगचे जंतू त्यांच्या दातांतून ओळखता आले आणि रेल्वेही झाली. बिल्डरला तिथे खर्च पडतो खरा, पण तो आधी ठाऊक असतो. अर्ध्यावर काम बंद पडण्यापेक्षा तो परवडतो.

असे काही आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. नियोजनात वारसा बसवण्यात महाराष्ट्र एके काळी देशात पुढे होता. १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत वारसा इमारतींचे नियम आले. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, आणि मालकाला न वापरता आलेले बांधकाम हक्क दुसरीकडे वापरण्याची, म्हणजे टीडीआरची, सोय झाली. वारसा राखणाऱ्याला भुर्दंड पडू नये हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. शिवाय १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्याने कशाची तरतूद करावी याची यादी आहे आणि तीत ऐतिहासिक, नैसर्गिक व शास्त्रीय महत्त्वाच्या जागांचे जतनही आहे. आराखडा करण्यापूर्वी जमिनीच्या सध्याच्या वापराची पाहणी करून नकाशा काढावाच लागतो. त्या पाहणीत एका पुरातत्त्वज्ञाला सामील करून घेण्यासाठी नवा कायदा लागत नाही; शासनाचा एक आदेश पुरे. त्यासाठी माणसेही आहेत. डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेतून दर वर्षी प्रशिक्षित विद्यार्थी बाहेर पडतात आणि त्यांतल्या अनेकांना या विषयात काम मिळत नाही.

दुसरी गरज आहे वर्तुळाला अक्कल देण्याची. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसरानुसार स्वतंत्र उपविधी करावेत असे २०१० च्या दुरुस्तीतच म्हटले आहे. हे काम रेंगाळल्यामुळे सगळीकडे एकच पट्टी लागते. एखाद्या किल्ल्यासमोर दृष्टी मोकळी राहण्यासाठी १०० मीटरही कमी पडतील आणि दाट पेठेतल्या स्मारकाशेजारी दोन मजल्यांचे घर बिनधोक चालेल. हे ठरवायला जागेवर जावे लागते, रहिवाशांशी बोलावे लागते, आणि तेच टाळले जाते.

तिसरी गरज जमीनमालकाची. कोकणातली बहुतेक कातळशिल्पे खासगी जमिनीत आहेत. रत्नागिरीजवळच्या उक्षी गावाने पुढाकार घेऊन आपल्या हत्तीभोवती कुंपण घातले, त्याला पाहायला माणसे येऊ लागली. हे कौतुकाचे आहे, पण प्रत्येक मालकाकडून खाणीचे उत्पन्न सोडण्याची उदारता मागता येणार नाही. त्याला भाडे, मोबदला किंवा बांधकाम हक्क यांपैकी काहीतरी द्यावे लागेल आणि तेही फायली न फिरवता.

हे सगळे होईपर्यंत एक गोष्ट वाचकांच्या हातात आहे. गावाचा किंवा शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. लोक त्या मुदतीत आपल्या प्लॉटवरचे आरक्षण तपासतात आणि ते रास्तच आहे. त्याच वेळी गावची जुनी पांढर, बारव, सतीशिळा, वीरगळ, सड्यावरची चित्रे नकाशावर आहेत का तेही पाहावे. नसतील तर गट क्रमांक आणि फोटो जोडून लेखी सूचना नगररचना विभागाकडे द्यावी, तिची पोच घ्यावी आणि एक प्रत पुरातत्त्व विभागाला पाठवावी.