गोळी मिळाली, वेदनेचे काय?

एआरटी केंद्राच्या रांगेत ठरलेल्या तारखेला उभा राहणारा माणूस पाहा. तो कार्ड पुढे करतो, गोळ्यांची डबी घेतो आणि मान खाली घालून निघून जातो. कागदावर तो 'नियमित उपचार घेणारा' असतो. पण रात्रभर तळपायांची आग होते, त्यामुळे मजुरीवर उभे राहवत नाही, घरात ताट-तांब्या वेगळा काढला आहे, याची विचारपूस कोणी करायची?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. त्यानंतर कितीतरी वर्षे गरिबाच्या वाट्याला या आजारात फक्त मरण होते. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. २०१७ पासून तर सीडी-४ पेशींचा आकडा न पाहता प्रत्येक बाधिताला औषध सुरू करण्याचे धोरण आले. हे यश मोठे आहे आणि ते बाधितांनी लढून मिळवले आहे. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक आहे. परंतु आयुष्य वाढले म्हणजे जगणे सुसह्य झाले, असे नाही.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणारी शुश्रूषा, ही मरणपंथाला लागलेल्यांसाठीच असते असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्येच स्पष्ट केले की, ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, मूळ उपचारांच्या जोडीने द्यायची असते आणि ती रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबासाठीही असते. एचआयव्ही बाधिताला नसांचे दुखणे असते. काहींना ते विषाणूमुळे, तर काहींना पूर्वी दिल्या गेलेल्या स्टॅव्युडिनसारख्या औषधांमुळे जडले. उशिरा उपचाराला आलेल्याच्या तोंडात आणि अन्ननलिकेत बुरशी वाढते, घास गिळता येत नाही. जुलाब, क्षयाचा खोकला, थकवा आणि या सगळ्याच्या वर मनाची उदासी. यांपैकी बहुतेक त्रासांवर साधे, स्वस्त उपाय आहेत. फक्त कोणीतरी 'कुठे दुखते?' असे विचारले पाहिजे.

तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जुने आणि स्वस्त औषध आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील किचकट परवान्यांमुळे मॉर्फिन रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले. कायदा बदलला, पण गावच्या रुग्णापर्यंत त्याचा लाभ किती पोहोचला? अफू आमच्या शेतात आणि कण्हणे आमच्याच झोपडीत, हा कुठला न्याय?

वेदना केवळ शरीराची नसते. स्पर्श टाळणे, भांडे वेगळे करणे, वॉर्डात कोपऱ्यातली खाट देणे हे सगळे या देशातील बहिष्कृतांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. विटाळाची तीच मानसिकता आजाराचे नाव घेऊन परत येते. राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याचा हक्क म्हणजे प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच सांगितले. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांतील भेदभाव त्याने बेकायदा ठरवला. मात्र उपचार पुरवण्याच्या सरकारी जबाबदारीला त्याच कायद्याने 'शक्यतोवर' अशी पळवाट ठेवली. गरिबाचा हक्क नेहमी 'शक्यतोवर'च का असतो?

यात बाईचे दुःख दुहेरी आहे. नवऱ्याची शुश्रूषा ती करते, तो गेल्यावर तिच्याच कपाळी कलंक लागतो आणि ती अंथरुणाला खिळली की पाणी द्यायला कोणी नसते. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे, पण त्यासाठी आजाराचा दाखला जोडावा लागतो. गावात बातमी फुटेल या धास्तीने कित्येक जणी अर्जच करत नाहीत.

यावर मार्ग नाही असे नाही. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे स्वतंत्र धोरण केले. तिथे पंचायती आणि गावचे स्वयंसेवक परिचारिकेसोबत रुग्णाच्या घरी जातात. महाराष्ट्राला हे का जमू नये? प्रत्येक एआरटी केंद्रात वेदनेची नोंद आणि समुपदेशन झाले पाहिजे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर असला पाहिजे. अनुदानाच्या अर्जात गोपनीयता पाळली गेली पाहिजे. या मागण्या भिकेच्या नाहीत, हक्काच्या आहेत.

आणि वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्यांनो, एक काम सरकारची वाट न पाहता करता येईल. आपल्या गल्लीतल्या अशा घरी जा, पण त्याचा आजार चारचौघांत करू नका. त्याच्या खाटेवर बसा, त्याच्या हातचे पाणी प्या. ज्या समाजाने पाण्यासाठी महाडला लढा दिला, त्याला या एका घोटाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.