जिनिंगमधला ‘जिन’ कुठला?

मित्रहो, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका मुलाने विचारलं होतं, “सर, आपल्या जिनिंगमधला जिन आणि जीन्स पँटमधला जीन एकच ना? दोन्ही कापसाचेच.” मी “असेल बाबा” म्हणून मोकळा झालो. ते चुकलं. घरी शब्दकोश उघडला. आज दुरुस्ती करतो.

यवतमाळच्या माणसाला जिनिंग काय समजावणार? कापूस आत जातो; रुई एकीकडे, सरकी एकीकडे. हा ‘जिन’ म्हणजे ‘इंजिन’चं शेपूट. पुढचा ‘इं’ बोलण्यात गळून गेला. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीत सापळा, फास, कुठलीही युक्तीची वस्तू म्हणजे ‘जिन’. आणि इंजिनच्या मागे उभा आहे लॅटिन ‘इंगेनियम’: उपजत बुद्धी, अंगचं कसब. आधी बुद्धी, मग युक्ती, मग लोखंडी यंत्र. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही उतरंड फार आवडते, बरं का.

जीन्सचा याच्याशी संबंध नाही. ते नाव इटलीतल्या जिनोआ बंदराचं. डेनिम फ्रान्समधल्या नीम शहराचं, आणि डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीची! प्यायचा जिन तिसराच, ज्युनिपरच्या फळांवरून आलेला. तो इथेच सोडू.

आता गंमत पाहा. ‘इंगेनियम’मधला ‘गेन’ म्हणजे जन्माला घालणं. तो आपल्या ‘जन्’ धातूचा भाऊ. भाऊ म्हणतोय, मुलगा नाही! मोबाइलवर रोज फिरतं, की सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली. मुलं ते खरं मानतात, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी. त्यांच्या आईचं लिहिलेलं एक अक्षरही सापडलेलं नाही; लेकींचे चेहरे ताडून तिचा अंदाज बांधलाय.

अभिमानच हवा असेल तर खरा घ्या. इंग्रजीतला ‘मंगूज’ म्हणजे आपलं मुंगूस, मराठीतून गेलेलं. ‘गूज’ या पक्ष्याशी त्याचं नातं नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगीज’ होत नाही, ‘मंगूजेस’ होतं. आणि मुंगूस तरी आपलं एकट्याचं कुठे? पैनगंगा ओलांडून तेलुगू माणसाला विचारा. तो म्हणेल, “मुंगिस.”