भिजली बाइक, रुसला स्पार्क!

सकाळचे पावणेनऊ. रात्रभर धो धो कोसळून पाऊस आता जरा दम खातोय. तुम्ही रेनकोट चढवलाय, लॅपटॉपच्या सॅकला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलीय. पार्किंगमध्ये येऊन सेल्फ मारता, तर घर्रर्र, घर्रर्र, फुस्स! पुन्हा एकदा. पुन्हा तेच. वॉचमन काका म्हणतात, 'चोक द्या, चोक!' (तुमच्या नव्या गाडीला चोकच नाही, हे त्यांना कोण सांगणार?) दहा मिनिटांत बॅटरीही मान टाकते आणि साडेनऊच्या मीटिंगला तुम्ही रिक्षाने पोचता, अर्थातच सव्वादहाला.

खरी गंमत तर पुढेच आहे. दुपारी ऊन पडतं. संध्याकाळी घरी आल्यावर सहज बटण दाबावं, तर गाडी एका झटक्यात सुरू! गॅरेजमध्ये नेली तर तिथेही शहाण्या मुलीसारखी चालते. मेकॅनिक तुमच्याकडे बघतो, तुम्ही गाडीकडे. मग तो डोकं खाजवत म्हणतो, 'कॉइल बदलून बघू या.'

थांबा! 'बदलून बघू' हे पावसाळ्यातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. जो बिघाड ऊन पडल्यावर आपोआप बरा होतो, तो बहुतेक वेळा जळालेल्या पार्टचा नसतो. जळालेली कॉइल उन्हात बरी होत नाही. गाडी वाळल्यावर चालत असेल, तर पाणी कुठल्या तरी जोडात शिरलंय. म्हणजे कपलरमध्ये, स्विचमध्ये किंवा प्लगच्या टोपीत. पार्ट विकत घेण्याआधी हा जोड शोधायचा.

आधी कान द्या

सेल्फचं बटण दाबल्यावर नेमकं काय होतं, यावरूनच अर्धं निदान होतं. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही? मग संशय स्पार्कवर घ्या. नुसतं टिकटिक वाजतंय? बॅटरी उतरलीय किंवा तिचे टर्मिनल ढिले झालेत. काहीच आवाज नाही? मग बहुतेक एखादा स्विच रुसलाय.

स्विचची एक युक्ती ऐकून ठेवा. बऱ्याच स्कूटर्सचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही, कारण ब्रेक लिव्हरखाली एक छोटासा स्विच असतो. तोच भिजला तर सेल्फ मुका. तेव्हा इग्निशन ऑन करून ब्रेक दाबा आणि मागचा दिवा लागतो का ते बघा. लागला नाही तर दुसरा ब्रेक दाबून पाहा, बरेचदा तेवढ्यावर काम भागतं. मोटरसायकलवर हेच नखरे क्लचचा स्विच करतो. गाडी न्यूट्रलला आणून बघा. शिवाय साइड स्टँडचा सेन्सर आहेच! रस्त्यापासून वीतभर उंचीवर, सगळ्या चिखलाच्या माऱ्यात. तो बिघडला की स्टँड वर असूनही गाडीला वाटतं, खाली आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या बाइकमध्ये आधी बॅटरी बदलली, मग कॉइल. शेवटी दोष निघाला या सेन्सरच्या चिखल भरलेल्या कपलरमध्ये. कपलर साफ करायला मोजून पाच मिनिटं लागली. आधीच्या दोन पार्ट्सचे पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

करंट पळतो कुठे?

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, दहावीचंच आहे.

बॅटरी 12 व्होल्टची. पण प्लगच्या टोकांमधल्या फटीत ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात, ते कॉइल तयार करते. एवढ्या दाबाखालचा करंट सोपी वाट शोधतो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर धूळ बसलेली असेल आणि ती ओली झाली, तर ठिणगी आत उडण्याऐवजी करंट बाहेरूनच इंजिनच्या धातूत उतरतो. अंधारात कधी कधी प्लगपाशी निळसर चमक दिसते, ती हीच. बघा, पण हात लावू नका. सणसणीत झटका बसतो.

शुद्ध पाणी खरं तर विजेचं फारसं वहन करत नाही. पण आपल्या रस्त्यावरचं पाणी शुद्ध थोडंच असतं! त्यात माती, तेल, मुंबईत खाऱ्या हवेचं मीठ. म्हणून मे महिन्यातच प्लगची टोपी काढून आतून-बाहेरून पुसून घ्यावी. (इंजिन थंड असताना आणि इग्निशन बंद करूनच!) बऱ्याच बाइकना प्लगच्या खळग्यातलं पाणी बाहेर जायला एक छोटं भोक असतं. ते चिखलाने बुजलं की प्लग चक्क डबक्यात उभा राहतो. एक बारीक तार घालून ते मोकळं केलं की झालं.

कपलरचं दुखणं जास्त छुपं असतं. पाणी आत शिरतं, वाळतं, पुन्हा शिरतं आणि तांब्या-पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो. वायर तुटलेली नसते, पण करंटला तिथे अडथळा होतो. साधा हिशेब करू. 35 वॅटच्या हॅलोजन हेडलाइटचा रोध साधारण 4 ओहम. वाटेतल्या गंजक्या जोडाने जेमतेम 1 ओहमची भर घातली, तरी 12 पैकी जवळजवळ अडीच व्होल्ट त्या जोडातच जातात. दिवा पिवळट पडतो, जोड तापतो आणि कपलरचं प्लॅस्टिक वितळू लागतं. आपण मात्र म्हणतो, 'बल्ब खराब निघाला!'

यासाठी ऑनलाइन मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, एका मूव्ही डेटपेक्षा स्वस्त पडतो. गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना हा आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवा. बॅटरीपाशी आकडा ठीक आणि दिव्यापाशी दोन व्होल्ट कमी? चोर मधल्या वायरीत आहे. बॅटरीची काळी वायर चॅसीला जिथे कसलेली असते, तो अर्थिंगचा बोल्टही विसरू नका. तो गंजला की इंडिकेटरसोबत स्पीडोमीटरचा दिवाही मिणमिणतो, हॉर्न वाजवला की हेडलाइट डुलकी घेतो. एकाच वेळी चार ठिकाणी भुताटकी दिसली, की आधी अर्थिंग बघायचं.

स्प्रे, ग्रीस आणि थोडा संयम

भिजलेला कपलर उघडायचा, फुंकर किंवा थंड हवेचा ड्रायर मारायचा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचा. डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रेही पाणी हटवायला चालतो. तो 1953 साली अमेरिकेत रॉकेट उद्योगासाठी तयार झाला. नावातल्या 'डब्ल्यूडी'चा अर्थच 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजे पाणी हटवणं, आणि 40 म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला! मात्र तो पेट घेतो, त्यामुळे तापलेल्या इंजिनावर नको. आणि ब्रेकच्या डिस्कवर चुकूनसुद्धा नको. तो पावसाळाभर टिकतही नाही. टिकाऊ इलाज म्हणजे डायइलेक्ट्रिक ग्रीस. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, पाणी अडवतं. कपलरच्या रबरी सीलला आणि प्लगच्या टोपीच्या कडेला बोटभर नाही, पातळसा हात पुरे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि बाइकमध्ये इसीयू, सेन्सर, इंजेक्टर यांचं राज्य आलं. स्कॅनर लावला की अमुक सेन्सरचा कोड येतो आणि सेन्सर बदलला जातो. पण कोड फक्त एवढंच सांगतो, की त्या सेन्सरकडून येणारा सिग्नल गडबडलाय. सेन्सर मेलाय की त्याचा कपलर ओला आहे, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

या सगळ्यात पावसाला मी अर्धाच दोष देईन. उरलेला वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचा! पाऊस वरून पडतो, गाडी त्या हिशेबाने बनवलेली असते. पंपाचा फवारा खालून, जवळून, सीलच्या फटीत घुसतो. स्विच आणि मीटरवर तो मारू देऊ नका. हौसेने बसवलेले फॉग लाइट, डबल हॉर्न, मोबाइल चार्जरही एकदा तपासा. मूळ वायर सोलून वर काळी टेप गुंडाळली असेल, तर ती टेप पहिल्याच पावसात सुटते. फ्यूज सारखा उडत असेल तर त्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज लावायचा विचारही नको. फ्यूज वाचवून वायरिंग जाळण्यात काय हशील?

पाणी सायलेन्सरच्या वर चढलं आणि गाडी बंद पडली, तर वरचं काही करू नका. सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत न्या, एअर फिल्टर, प्लग आणि ऑइल तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर आधी ते बदला.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी मात्र पाने खाली ठेवावेत. बॅटरीवर 'आयपी67' लिहिलं असेल, तर ती 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकेल अशी चाचणी झालेली असते. पण हा शब्द बॅटरीचा आहे, चार्जिंग सॉकेटचा नाही. सॉकेट ओलं असताना चार्जर लावू नका आणि बॅटरी स्वतः उघडू नका.

आणि पेट्रोल गाडी गॅरेजला द्यायचीच झाली, तर चावी देताना दोन गोष्टी सांगा. बिघाड फक्त भिजल्यावर येतो, हे जॉबकार्डवर लिहून घ्या. आणि जो पार्ट बदलाल, तो जुना मला परत हवा.